दोन स्कॅन आणि एक वजाबाकी

‘अभ्यासातल्या प्रत्येकाचे वर्षाच्या अंतराने काढलेले दोन एमआरआय आहेत. हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागाचं, आधीचं आकारमान, नंतरचं आकारमान, वजाबाकी केली, टक्का काढला. एवढ्यासाठी संख्याशास्त्रीय मॉडेल कशाला?’ विद्यार्थी हे विचारतात, डॉक्टरही विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी आकडेच मांडू या.

एका बाजूचा हिप्पोकॅम्पस 3,500 घन मिलिमीटर धरा. माणसाला मशिनमधून बाहेर काढून दहा मिनिटांनी पुन्हा आत घातलं, तरी आकडा तंतोतंत तोच येत नाही. ही मोजणीतली चूक समजा 2 टक्के, म्हणजे 70. वजाबाकीत दोन्ही स्कॅनच्या चुका उतरतात आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत. 70 गुणिले 2चं वर्गमूळ, म्हणजे 99. आणि खरा बदल किती? 2009 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात निरोगी ज्येष्ठांमध्ये वर्षाला सुमारे 1.4 टक्के, तर अल्झायमरच्या रुग्णांमध्ये सुमारे 4.7 टक्के घट दिसली. 3,500चे 1.4 टक्के म्हणजे 49. शोधायचे 49 आणि चूक 99 ची. एका माणसाच्या रिपोर्टवर ‘3 टक्क्यांनी आक्रसला’ असं दिसलं, तर घाबरण्याआधी हे गणित करून पाहावं.

आता तेच दोन स्कॅन तीन वर्षांच्या अंतराने काढा. वार्षिक वेगातली चूक 99 भागिले 3, म्हणजे 33 होते. दरवर्षी एक असे चार स्कॅन काढले तर ती 31. म्हणजे मधल्या दोन स्कॅननी वेगाच्या अचूकतेत फारशी भर घातली नाही. काम केलं ते अंतराने. पैसे मोजके असतील तर आधी अभ्यासाचा काळ वाढवा. पण मधले स्कॅन वाया जात नाहीत. घट सरळ रेषेत आहे की वेग वाढतोय, हे दोन बिंदूंवरून कधीच कळत नाही, आणि मोजणीतली चूक किती हेही त्यांच्यातून सुटं करता येत नाही.

मिक्स्ड मॉडेल नेमकं हेच सुटं करतं. प्रत्येक माणसाला स्वतःची रेषा असते, तिची सुरुवात वेगळी, उतार वेगळा. या सगळ्या रेषा एका सरासरी रेषेभोवती पसरलेल्या धरायच्या. मॉडेल साधारण असं लिहितात:

आकारमान ~ सुरुवातीचं वय + लिंग + कवटीचं आकारमान + गट + काळ + गट × काळ + (1 + काळ | व्यक्ती)

इथे ‘गट’ म्हणजे निरोगी की रुग्ण. शेवटच्या कंसात प्रत्येक व्यक्तीची स्वतःची सुरुवात (रँडम इंटरसेप्ट) आणि स्वतःचा उतार (रँडम स्लोप) येतो. तुमचं उत्तर ‘गट × काळ’ या पदात आहे: दोन गटांचा घटीचा वेग किती वेगळा आहे ते इथे दिसतं. नुसत्या ‘गट’चं पद पाहून निष्कर्ष काढू नका, ते पहिल्या स्कॅनच्या दिवशीचा फरक सांगतं. वय आणि काळ वेगवेगळे ठेवायचे. नुसतं वय घातलं तर 60 आणि 80 वर्षांच्या दोन वेगळ्या पिढ्यांमधला फरक आणि एकाच माणसात झालेला बदल यांची खिचडी होते. वयातून 70 वजा करून घ्या, नाहीतर इंटरसेप्ट शून्य वयाचा निघतो.

सगळ्यांचे दोनच स्कॅन असतील तर आर या सॉफ्टवेअरमधलं lme4 हे पॅकेज रँडम स्लोप नाकारतं, कारण जितकी निरीक्षणं तितकेच रँडम इफेक्ट होतात. तिथे पॅकेजची ही तपासणी बंद करून मॉडेल रेटू नका, फक्त रँडम इंटरसेप्ट ठेवा. काहींचे तीन-चार स्कॅन असतील तर स्लोप मोजता येतो. ज्यांचे स्कॅन कमी, त्यांचा स्लोप मॉडेल सरासरीकडे जास्त ओढतं, आणि ते योग्यच आहे.

मात्र मॉडेल कितीही चांगलं असलं तरी आत येणारा आकडा कललेला असेल तर इलाज नाही. दुसरा स्कॅन पहिल्यावर बसवला की फक्त दुसऱ्याच्याच बिंदूंची मूल्यं नव्याने काढली जातात, त्याच्याच कडा पुसट होतात, आणि त्यातून खोटी घट निर्माण होते. 2010 साली एडीएनआय या मोठ्या अल्झायमर अभ्यासाच्या डेटावर हे दाखवून दिलं गेलं. फ्रीसर्फर या मेंदूचे स्कॅन मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची लाँगिट्युडिनल पद्धत (एकाच माणसाच्या वेगवेगळ्या वेळच्या स्कॅनसाठीची) म्हणूनच आधी त्या माणसाच्या सगळ्या स्कॅनचा मधला साचा बनवते आणि प्रत्येक स्कॅनला सारखीच वागणूक देते. ज्यांचा एकच स्कॅन आहे त्यांनाही याच वाटेने न्या. तुमच्या पद्धतीची परीक्षा सोपी आहे: स्कॅनचा क्रम उलटा देऊन चालवा. घटीच्या जागी तेवढीच वाढ आली पाहिजे.

बाकी घात करणाऱ्या गोष्टी ओळखीच्या आहेत. स्कॅन चालू असताना डोकं हललं की मेंदूचा करडा भाग कमी भरतो, आणि आजार वाढतो तसा रुग्ण जास्त हलतो. शरीरातल्या पाण्याने आणि दिवसाच्या वेळेनेही आकारमान बदलतं, म्हणून सकाळी आलेल्याला पुढच्या वेळीही सकाळीच बोलवा. सर्वांत वाईट म्हणजे सगळ्यांचा पहिला स्कॅन जुन्या मशिनवर आणि दुसरा नव्यावर. तिथे काळ आणि मशीन एकच होऊन बसतात, कोणतीही दुरुस्ती त्यांना वेगळं करू शकत नाही. मशीन बदलणारच असेल तर काही जणांना त्याच आठवड्यात दोन्हींवर स्कॅन करून घ्या.

आणि कृपा करून अर्धवट राहिलेल्या लोकांना डेटातून काढू नका. येणं थांबतं ते बहुधा ज्यांची तब्येत जास्त खालावली त्यांचं. त्यांना वगळलं की उरलेला गट खऱ्यापेक्षा धडधाकट दिसतो. मिक्स्ड मॉडेल त्यांचा एकुलता एक स्कॅनही वापरतं. मात्र त्याला आधीच्या मोजमापांतून जेवढं कळतं तेवढंच कळतं. म्हणून न येण्याचं कारण लिहायला पहिल्या दिवसापासून वेगळा रकाना ठेवा: गाव बदललं, कंटाळा आला, पेसमेकर बसला, अंथरुणाला खिळले, वारले. शेवटच्या दोन कारणांचे लोक येणं थांबण्याआधी इतरांपेक्षा वेगाने घसरत होते का, ते आधी पाहा आणि मगच गटाचा स्लोप छापा.