दोनच खांब काहून कलंडले?

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागून तीन दिवस झाले होते. संध्याकाळी गुरुजींचा फोन आला : “मिस्त्री, वाऱ्यानं मांडव पडला जी. कोणाले लागलं नाही.” शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

हिंगणघाटच्या पुढच्या एका गावात, त्यांच्या अंगणात तो सागवानी मांडव मीच सहा वर्षांपूर्वी उभा केला होता. चार बाय चार इंची चार खांब, वर तुळया, त्यावर पट्ट्या. आता शहरात त्याला परगोला म्हणतात. खांब दोन फूट जमिनीत आणि भोवती काँक्रीट. तेव्हा मी सगळीकडे असंच करायचो.

सकाळी सहालाच पोचलो. पूर्वेकडचे दोन खांब बुडातून मोडले होते आणि सगळा सांगाडा त्या बाजूला बसला होता. खाली खाट. तुळईनं तिची पाटी मधोमध चिरली होती. दुपारी नात त्याच खाटेवर झोपायची. वारा सुटला तेव्हा ती वाळवणं उचलायला आत-बाहेर करत होती, म्हणून वाचली. ती चिरलेली पाटी मी बराच वेळ हातात धरून होतो.

“वारं लई होतं,” गुरुजी म्हणाले. माझ्या मनाला पटेना. वारा चारही खांबांना सारखाच लागला. मग दोनच काहून कलंडले?

मोडलेल्या बुंध्यात बोट घातलं तर ते दोन पेरं आत गेलं. लाकूड ओल्या भाकरीसारखं लागलं. बाहेरचा पांढरट भाग उधईनं नेला होता, गाभा कुजून तपकिरी झाला होता. एक वीत वर हातोडी मारली तर ठणठणीत आवाज आला. म्हणजे कूज होती फक्त जमिनीच्या रेषेवर, जिथं ओल आणि हवा एकत्र भेटतात. लाकूड वाळून आकसलं, काँक्रीट आणि त्याच्यात फट पडली, आणि माझं काँक्रीट लाकडाभोवती पाण्याची वाटी होऊन बसलं. अंगणात पायाखालची माती तडकलेली आणि त्या वाटीत चिखल.

हे पाणी कुठून आलं? दोन्ही मोडक्या खांबांवर मधुमालती चढली होती. काकूंना विचारलं.

“पानी त मी रोज टाकतो बाप्पा, वेलाले. दोन-दोन घागरी, खांबाच्या बुडाशी.”

त्यात त्यांची काय चूक? वेल खांबाशीच लावा, हे मीच सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट मातीची. आपली काळी कापसाची जमीन पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. शेतकऱ्याला हे माहीत असतं, पण खांब रोवताना आम्ही ते विसरतो. कोरड्या बाजूच्या भेगेत मी बारा मिमीची सळई सोडली. ती अडीच फूट सरळ गेली. माझा पाया दोनच फूट. म्हणजे तो पक्क्या जमिनीवर बसलाच नव्हता, हलत्या मातीत तरंगत होता. वेलाकडची माती बारा महिने फुगलेली, दुसरीकडची उन्हाळ्यात फाटलेली. खांब आधीच तिरपे झाले होते. मधुमालतीचा भरगच्च पसारा वाऱ्यात शिडासारखा भरला आणि कुजलेलं बूड सुटलं.

लग्नाची मेढ खड्ड्यात रोवून चालते, कारण ती चार दिवसांची असते.

ओळखीच्या एका इंजिनिअरनं पूर्वी सांगितलं होतं, की रुडकीच्या सीबीआरआय या बांधकाम-संशोधन संस्थेनं काळ्या जमिनीसाठी खाली फुगीर बल्ब असलेला पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारा खांबासारखा पाया, काढला. बल्ब साधारण दांड्याच्या अडीचपट रुंद. माती वर उचलू लागली तर तो खाली धरून ठेवतो. मांडवाला तेवढं खोल जायची गरज नाही, पण युक्ती तीच घेतली.

चारही खड्डे नव्यानं खोदले. साडेतीन फुटांवर पिवळा मुरूम लागला, त्यातही अर्धा फूट गेलो. तळ चारी बाजूंनी रुंद केला, वरचा भाग सरळ ठेवून भोवती प्लास्टिक गुंडाळलं, म्हणजे फुगणाऱ्या मातीला पायाची पकड मिळू नये. सळया बांधून सिमेंट, रेती, गिट्टी १ : १.५ : ३ असं काँक्रीट ओतलं आणि पेडेस्टल, म्हणजे खांबाखालचा ठोकळा, जमिनीवर फूटभर काढलं. खांबाचा लोखंडी बूट धरायला खाली वाकवलेले जे-बोल्ट ओल्या काँक्रीटमध्ये हलू नयेत म्हणून प्लायवूडच्या तुकड्याला बुटाच्या प्लेटच्या मापानं भोकं पाडून ते त्यात अडकवले. त्या उन्हात गोणपाट गुंडाळून दिवसातून चारदा पाणी मारावं लागलं. ते काम नातीनं घेतलं.

आठव्या दिवशी खांब बसवले. चारही बुंधे जमिनीपासून फूटभर वर कापले, तेवढी उंची पेडेस्टलनं भरून निघाली, म्हणून नवं लाकूड लागलं नाही. कापलेल्या तोंडाला जवसाचं तेल पिईल तेवढं पाजलं. मग लोखंडी बुटात खांब असा कसला, की लाकूड आणि काँक्रीट यांत दोन इंच मोकळी हवा राहील. ओळंबा दोन बाजूंनी पाहिला, वर तुळईला तिरपे टेकू दिले. माझी मजुरी घेतली नाही. गुरुजींनी खूप आग्रह केला, पण ते पैसे माझ्या हातून घेतले गेले नसते.

निघताना काकूंनी विचारलं, “आता पानी कुठी टाकू?”

खांबापासून तीन फुटांवर मी नवं आळं केलं, मृगात मधुमालतीची फांदी तिथं लावायला सांगितलं, आणि आळ्यापासून तुळईपर्यंत एक बांबू तिरका बांधून दिला. काकूंनी रिकाम्या आळ्यातच घागर ओतली आणि पाणी खांबाकडं जातं का, ते दोघं वाकून पाहत राहिलो.