कागदाची झूल

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली, झूल करायची, हे ठरलं तेव्हा जून संपत आला होता. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. श्रावण अमावास्येचा पोळा शेतातल्या बैलांचा, आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लेकरांचा. पोरं आपापले लाकडाचे नंदी सजवून, चाकांवर ओढत वस्तीतल्या मैदानात नेतात. तिथे पूजा होते, चांगल्या सजलेल्या बैलांना बक्षिसं मिळतात आणि मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारी भेट, मागायचा. त्याच दिवशी नागपूरच्या इतवारी-महालाच्या भागात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवत निघतात, सोबत बडगे म्हणजे बांबू-कागदाचे आणखी पुतळे असतात. ऐन पावसाळ्यात, आभाळ केव्हा फाटेल याचा नेम नसताना, अख्खं नागपूर त्या दिवशी कागद मिरवतं. मला तर या दिवसाचं फार कौतुक आहे.

आमच्या घरी हातभर लांबीचा सागवानी नंदी आहे. बाबांनी तो दादासाठी एका सुताराकडून करवून घेतला होता, आता तो भाचीकडे आला. तिचं म्हणणं सरळ होतं. "आत्या, सगळ्यांच्या बैलाची झूल दुकानातलीच असते. माझ्या बैलाची तू कर न, तुझ्या त्या गोल गोल कागदाची."

हनुमाननगरातल्या आमच्या घरात माझ्या "गोल गोल कागदा"ची सगळ्यांना सवय आहे. ऑफिसातून आले की जेवणाआधीचा तास मी पट्ट्या गुंडाळत बसते. शुभेच्छापत्रं, फ्रेम, झुमके, राख्या असं बरंच करून झालं होतं. पण झुमके सोडले तर ते सगळं सपाट. कार्डशीटवर आकार चिकटवला की काम संपलं. बैलाची पाठ सपाट नसते. वशिंडाचा उंचवटा, मग कण्याचा खोलवा, दोन्ही बाजूंनी पोटाचा फुगीरपणा. त्यावर कागद कापडासारखा पडायला हवा होता, आणि प्रश्न सगळा तोच होता.

क्विलिंग ज्यांनी कधी केलं नाही त्यांना हा प्रश्न कळावा म्हणून मूळ गंमत सांगते. कागदाची पट्टी आडवी धरली तर ती लुळी पडते. तीच गुंडाळून कडेवर उभी केली की इतकी कणखर होते की वरून बोटाने दाबलं तरी दबत नाही. क्विलिंगमध्ये दिसतो तो कागदाचा पृष्ठभाग नसतोच, दिसते ती त्याची कड. युरोपातल्या मठांमधली जोगिणी-साधू मंडळी पुस्तकांच्या सोनेरी कडा कापताना निघालेल्या पट्ट्या पक्ष्याच्या पिसाच्या देठावर गुंडाळून धर्मग्रंथांची वेष्टनं आणि पूजेच्या वस्तू सजवत. सोन्या-चांदीच्या तारेचं जाळीकाम परवडत नव्हतं, तिथे कागदाच्या कडेने तारेचं काम केलं. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांतल्या बायकांचा हा आवडता विरंगुळा झाला. ज्याने कोणी पहिल्यांदा ती रद्दीतली पट्टी उभी करून पाहिली, त्याच्या नजरेला माझा मनापासून नमस्कार आहे.

सामान सीताबर्डीवरून आणलं. तयार पट्ट्या ३, ५, ७ आणि १० मिलिमीटर रुंदीत मिळतात. झुलीसाठी ५ मिलिमीटर घेतल्या, कारण उभ्या कडेची उंची जरा जास्त असली की जाळी भरीव दिसते. बाशिंग आणि घंटांसाठी ३ मिलिमीटर. रंग लाल, राणी, हळदी आणि पोपटी, बैलाच्या झुलीवर शोभतात तेच. हवा तो राणी रंग तयार पट्टीत मिळाला नाही, तेव्हा मोठा रंगीत कागद घेऊन घरीच कापल्या. इथे एक बारकावा आहे. कागदाच्या तंतूंनाही लाकडासारखी एक दिशा असते. ताव हातात घेऊन आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून पाहायचा. एका दिशेने तो सहज वळतो, दुसऱ्या दिशेने अडतो. ज्या दिशेने सहज वळतो, पट्टीची लांबी त्या दिशेने ठेवायची. उलट कापलेली पट्टी गुंडाळताना मोडते, तिला बारीक बारीक कोन पडतात आणि गोल कधी गोल होत नाही.

खरी झुंज हवेशी होती. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कागद कडक, खुशखुशीत असतो. गुंडाळी सोडली की झपकन उघडते. पण फेव्हिकॉलचा थेंब टूथपिकवरून कागदापर्यंत जाईतो सुकायला लागतो, आणि कूलर लावला तर पट्ट्या खोलीभर उडतात. पाऊस लागला की सगळं उलटं. कागद हवेतली ओल पितो आणि मऊ पडतो. गुंडाळी सोडली तरी आळसावून अर्धीच उघडते, चिमटीत दाबलेलं टोक धारदार राहत नाही, फेव्हिकॉल सुकता सुकत नाही. जुलैमध्ये आठवडाभर झड लागली तेव्हा मी काम थांबवलं नाही, पण पट्ट्यांचा मुक्काम हलवला. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, चपलांच्या आणि पर्सच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत त्या ठेवल्या. लागेल तेवढीच मूठ बाहेर काढायची, झाकण लगेच लावायचं. तयार झालेले आकारही संध्याकाळी दुसऱ्या डब्यात. एवढ्यानेच फरक पडला आणि गुंडाळीला पुन्हा तिची उसळी आली.

ही उसळी सांभाळणं म्हणजेच क्विलिंग, असं मला वाटतं. पट्टीचं टोक फटीच्या सुईत अडकवायचं, बोटांनी ताण सारखा ठेवत गुंडाळायचं, सुई अलगद काढायची आणि गुंडाळी साच्यातल्या गोल खाचेत सोडायची. ती स्वतःच उलगडत खाच भरून घेते. मग उचलून शेवटाला फेव्हिकॉलचा ठिपका, मधला केंद्रबिंदू एका बाजूला सरकवून दुसरी बाजू चिमटीत दाबली की थेंबाचा आकार तयार. दोन्ही बाजूंनी दाबलं तर डोळा. चार ठिकाणी दाबलं तर शंकरपाळा. अर्ध्या पट्टीचा थेंब, १६ मिलिमीटरची खाच, सहा थेंबांचं एक फूल. अशी तीसेक फुलं, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास थेंब. पहिली काही फुलं झाली की डोकं बाजूला होतं आणि बोटंच काम करतात. दिवसभर आकडे पाहून थकलेले डोळे त्या वेळी खरंच विसावतात. कोणी मला विचारलं, कशाला एवढं, तर मी त्यांना एक पट्टी गुंडाळायला देते. बहुतेक जण दुसरी मागतात.

फुलं थर्माकोलवर प्लास्टिक अंथरून, टाचण्यांनी धरून जोडत होते, तोवर जोडणीचा विचार पुढे ढकलता आला. आता तो समोर उभा राहिला. कार्डशीटवर चिकटवून शीट पाठीवर वाकवली तर फुलं एकेक करून सुटतात, कारण प्रत्येक थेंब फक्त कडेच्या रेघेवर चिकटलेला असतो आणि वाकलेला कागद ती रेघ सोडवतो. फुलाला फूल चिकटवून मोठी जाळी केली तर ती ताटासारखी ताठ होते. पाठीवर ठेवली की मधे टेकते आणि दोन्ही बाजूंना हवेत राहते.

आई खिडकीपाशी क्रोशाचा रुमाल विणत बसली होती. माझी उलथापालथ तिने बराच वेळ पाहिली.

"चिकटवते काहून सगळं?" ती म्हणाली. "मी काय करते पाहून घे न. एकेक फूल वेगळं विणते, मग फुलाला फूल धाग्याने जोडते. जोड सैल ठेवला की रुमाल पडतो नीट. चिकट कशाला पाहिजे मधात?"

तिथून सगळं मोकळं झालं. मात्र कागदातून धागा थेट ओवला तर तो कागद कापतो. म्हणून फुलांच्या टोकांना कड्या हव्या होत्या. ३ मिलिमीटरची पट्टी गोधडीच्या जाड सुईवर घट्ट गुंडाळली आणि सुई काढून घेतली की मधे स्वच्छ गोल छिद्र राहतं. एवढीशी गुंडाळी, पण थरावर थर असल्यामुळे ओढून पाहिली तरी फाटत नाही. प्रत्येक फुलाला अशा चार कड्या चिकटवल्या, दोन दिवस पूर्ण सुकू दिल्या, आणि मग आईने आणि मी मिळून मेणाच्या दोऱ्याने कडीला कडी जोडली. दोन जोडांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी ढील. ओळी वाढत गेल्या तशी जाळी हातावर लवायला लागली. वशिंडापाशी एक फूल गाळून जागा सोडली, म्हणजे उंचवटा आपोआप बाहेर आला. खाली कापडाचं अस्तर लावायचं का, यावर घरात चर्चा झाली. मी नाही लावलं. जाळीतून सागवान दिसायला हवा, नाहीतर जाळीचं काम करायचंच कशाला?

घागरमाळेत मला सगळ्यांत जास्त आनंद मिळाला. तीन पट्ट्या एकापुढे एक जोडून घट्ट चकती गुंडाळायची. ती कंच्यावर, म्हणजे काचेच्या गोटीवर, ठेवून बोटांनी हळूहळू खाली दाबत न्यायची. थर एकमेकांवरून घसरतात आणि चकतीची वाटी होते. आतून फेव्हिकॉलचा हात फिरवला की तो आकार कायमचा. अशा दोन वाट्या तोंडाला तोंड लावून चिकटवल्या की घुंगरू, एकच वाटी उलटी ठेवून आत मणी टांगला की घंटा. झुमक्यांसाठी हे मी कितीदा केलं होतं, पण बैलाच्या गळ्यात ती ओळ बसली तेव्हा तिचं खरं रूप दिसलं. तीच चकती सुईच्या टोकाने मधून वर ढकलत नेली की शंकू होतो. सोनेरी कडेच्या पट्टीचे असे दोन शंकू शिंगांच्या टोकांच्या मापाने केले, त्या शेंब्या. शिंगांना खाली बेगड, वर शेंब्या. कपाळावर मठाटी, तिच्या मधोमध झालरीचं फूल: १० मिलिमीटरच्या पट्टीला कात्रीने बारीक चिरा देऊन गुंडाळलं की ते झेंडूसारखं फुलतं.

उरला पाऊस. कागद आणि फेव्हिकॉल दोघंही पाण्यापुढे टिकत नाहीत, तेव्हा वरून संरक्षण हवंच. लाल आणि राणी रंगाचे तुकडे आधी ओल्या बोटाने चोळून पाहिले. लालने रंग सोडला. पाण्यातलं वार्निश ब्रशने लावलं असतं तर हळदी फुलांवर लाल ओघळ आले असते. म्हणून फवाऱ्याचं पारदर्शक वार्निश घेतलं, गच्चीवर, ऊन असलेल्या दुपारी, दोन्ही बाजूंनी पातळ थर, सुकल्यावर पुन्हा. घंटा आणि कड्यांना आतून पारदर्शक नेलपॉलिश. दाट थर एकदम मारू नये, थेंबांच्या आतल्या घड्या भरून जातात आणि कडांची चमक मरते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी भुरभुर होतीच. भाचीने बैल ओढत मैदानात नेला, आणि मी सगळा वेळ झुलीकडे पाहत मागून चालत होते. चाकं खड्ड्यातून गेली की फुलं एकदम लवायची आणि परत पाठीवर बसायची. रांगेत एक आजोबा वाकून शेंब्या पाहत राहिले. "आमच्या घरी पितळेच्या होत्या," ते म्हणाले. मग बोट लावून पाहिलं. "कागद हाय का हे? बाप्पा!" शेजारच्या काकूंनी झूल उचलून खालचे दोरे तपासले आणि आईला विचारलं, "हे क्रोशाचं जोडकाम तुमचं न?" आईचा चेहरा पाहण्यासारखा होता. बक्षीस दुसऱ्याच्या बैलाला मिळालं. त्याला सुताराने केलेला सुंदर छकडा जुंपला होता आणि मलाही तो आवडला. बोजाऱ्यासाठी फिरता फिरता पाऊस वाढला. घरी आल्यावर पाहिलं, पोटाच्या बाजूची चार-पाच फुलं मऊ पडली होती, बाकी सगळं शाबूत. धाग्याने जोडलेलं असल्यामुळे तेवढीच काढून नवी ओवता आली. चिकटवलेली असती तर अख्खी झूल गेली असती. फुलं बदलण्यापुरत्या त्याच रंगांच्या पट्ट्या मी मुद्दाम बाजूला ठेवल्या होत्या. घरी कापलेल्या कागदाचा रंग दुसऱ्या तावात तसाच मिळेल याचा भरवसा नसतो.

आता झूल सपाट खोक्यात, मधे पातळ कागद घालून, सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवली आहे. दर महिन्याला काढून पाहते, कारण कागदाला कसर लागते.

भाची संध्याकाळी माझ्या बाजूला येऊन बसते. लहान मुलांना सुरुवात १० मिलिमीटरच्या पट्टीवर करू द्यावी, ती बोटांत नीट मावते आणि गुंडाळी तिरकी झाली तर लगेच दिसते. ती आता ५ वर आली आहे. पुढच्या वर्षी बैलाला छकडा हवा म्हणते, चाकांसकट, सगळा कागदाचा. कागदी चाक वजन घेईल का, हे पाहायला मी चार पट्ट्या जोडून एक घट्ट चकती करून ठेवली आहे आणि तिच्यावर बत्ता उभा केला आहे. अजून तरी ती दबलेली नाही.