तुम्ही विचारलंत म्हणून: चष्म्याचा नंबर ऑपरेशनने घालवावा का?

लातुरात चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या आणि रोज नंबर तपासणाऱ्या माझ्यासारख्या ऑप्टोमेट्रिस्टला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "नंबर कायमचा घालवायचा आहे, कोणतं ऑपरेशन चांगलं?" विचारणारे बहुधा नीटच्या शिकवणीसाठी नांदेड, परभणी, बीडकडून आलेल्या मुलांचे पालक असतात, भरतीची तयारी करणारे तरुण असतात किंवा मुलीसाठी स्थळे पाहू लागलेले आईवडील असतात. माझे उत्तर ठरलेले आहे: ऑपरेशनचे नाव आणि दर विचारत फिरण्याआधी कॉर्नियाची पूर्ण तपासणी करून घ्यावी, कारण कोणते ऑपरेशन होईल आणि मुळात होईल की नाही, हे त्या तपासणीतच ठरते.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्याची मध्यभागची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे सरासरी 540 मायक्रॉनच्या आसपास असते. लेसरने नंबर घालवताना या पडद्याचाच थोडा भाग काढून त्याची वक्रता बदलतात. उणे नंबरच्या प्रत्येक एककासाठी साधारण 12 ते 15 मायक्रॉन जातात. लॅसिकमध्ये आधी वरचा पातळ पापुद्रा उचलावा लागतो, आणि खाली किमान 250 मायक्रॉन शिल्लक राहिले पाहिजेत. अनेक सर्जन 300 चा आग्रह धरतात. आता एखाद्या मुलाचा कॉर्निया 500 मायक्रॉनचा आणि नंबर उणे आठ असेल, तर पापुद्र्याचे 110 आणि लेसरचे सुमारे 110 वजा जाता 280 उरतात. तेवढाच नंबर पण जाड कॉर्निया असलेल्या त्याच्या मित्राचे लॅसिक निर्धोक होऊ शकते आणि याला मात्र डॉक्टर नकार देऊ शकतात. या कामाचा एक्सायमर लेसर जिवंत पेशींचा थर आजूबाजूला न जाळता अलगद काढू शकतो, हे 1981 साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत ज्यांनी दाखवून दिले, त्यांत रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ होते, याचा मला फार अभिमान वाटतो.

पापुद्रा न उचलता थेट पृष्ठभागावर लेसर करण्याची पद्धत म्हणजे पीआरके. तिच्यात पहिले काही दिवस डोळा दुखतो आणि नजर स्थिरावायला वेळ लागतो, पण पातळ कॉर्नियाला ती अधिक मानवते. स्माइल नावाच्या लेसर पद्धतीत छोट्याशा छेदातून आतला भिंगासारखा तुकडा बाहेर काढतात. नंबर फारच मोठा असेल, तर कॉर्नियाला हात न लावता डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगापुढे आयसीएल नावाची लेन्स बसवतात. ती गरज पडल्यास काढता येते, मात्र तिच्यासाठी डोळ्याच्या पुढच्या भागात पुरेशी जागा लागते आणि खर्चही बराच जास्त येतो.

सर्वांत जास्त काळजी मला केराटोकोनसची वाटते. या विकारात कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, आणि डोळे सतत चोळण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा, धूळ आणि त्यामुळे ॲलर्जीने लाल झालेले डोळे दोन्ही मुठींनी चोळणारी मुले मी सतत पाहतो. ज्या मुलाचा तिरपा (सिलिंडरचा) नंबर दर खेपेला वाढतो, त्याची टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, झाल्याशिवाय लेसरचा विषयही काढू नये. अशा डोळ्यावर लेसर केला, तर उरलेला पडदा आणखी कमकुवत होऊन फुगत जातो. त्याला आधी गरज असते ती विकार थोपवण्याची. त्यासाठी रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून सीथ्रीआर करतात, पण त्याने चष्मा जात नाही, हे पालकांना समजावणे अवघड जाते.

वयाची 18 वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि किमान वर्षभर नंबर स्थिर असावा. त्यामुळे अकरावी-बारावीतल्या मुलांच्या पालकांना मी सरळ थांबायला सांगतो. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही थांबावे. भरतीच्या मुलांनी आपापल्या दलाचे नियम आधी वाचावेत, कारण ऑपरेशन झालेला डोळा सगळीकडे चालतोच असे नाही.

लेसरनंतर काही महिने डोळे कोरडे पडतात, कारण कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात. म्हणून ज्वारी किंवा तुरीच्या मळणीच्या दिवसांत हे ऑपरेशन ठरवू नये, आणि जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना आपल्या कामाविषयी स्पष्ट सांगावे.

चाळिशी उलटलेल्यांना वेगळेच सांगावे लागते. लेसरने दूरचे स्वच्छ दिसू लागले, तरी वाचायला चष्मा लागतोच. उणे नंबर असलेला जो माणूस आजवर चष्मा काढून पंचांग वाचत होता, त्याची ती सोय उलट जाते. पन्नाशीनंतर भिंग धूसर होऊ लागले असेल, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येच नंबराचा हिशेब करून लेन्स बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मल्टिफोकल लेन्सने जवळचेही दिसते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, म्हणून रात्री गाडी चालवणाऱ्याने ती विचारपूर्वक घ्यावी.

मोठ्या उणे नंबरचा डोळा लांबट असतो आणि नंबर गेला तरी तो लांबटच राहतो. त्यामुळे डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका तसाच असतो. अचानक चमकणे किंवा काळे ठिपके वाढणे सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आणि ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीचे सगळे कागद सांभाळून ठेवावेत. पुढे मोतीबिंदू झाला, की लेन्सचा नंबर काढताना कॉर्नियाची मूळ वक्रता डॉक्टरांना फार उपयोगी पडते, आणि लेसर झालेल्या डोळ्यात ती नव्याने मोजता येत नाही.