दुधाच्या हिशोबातल्या तारखा

भाची घरी परतली आणि पंधरा दिवसांतच आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल थांबायला लागली. चालवणारा बोलत काहीच नसे, नुसता पाहायचा. "मावशी, तो आजही येऊन राहिला," एवढंच ती म्हणायची आणि खिडकी लावून घ्यायची.

मॉलमध्ये नोकरी लावून देते म्हणून ओळखीतल्याच एका बाईने तिला परराज्यात नेलं होतं आणि पैसे घेऊन एका घरात लग्नासाठी विकलं होतं. ही गोष्ट २०२२ ची. मानवी तस्करीचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० खाली लागला (आता त्या जागी न्याय संहितेचं कलम १४३ आहे), दंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाबही झाला. मग आरोपींना जामीन मिळाला आणि फोन सुरू झाले : जबाब बदल, नाहीतर तुझ्या बहिणीचं पाहून घेऊ.

पोलीस ठाण्यात "गस्त वाढवतो" म्हणाले, पण अर्जाची पोच दिली नाही. त्या दिवशी मी पायऱ्यांवरच बसून राहिले.

पुढचा रस्ता सिव्हिल लाइन्समधल्या न्यायालयात, विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात सापडला. मी रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला सगळं घेऊन गेले होते. तिथल्या ताई म्हणाल्या, याची गरज नाही. मानवी तस्करीच्या पीडितेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं.

मिळालेल्या वकीलबाईंनी साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ समजावून सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला ती मान्य केली. अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो. भाचीने कागदावर लिहिलं, 'मला खूप भीती वाटते.' वकीलबाई हळूच म्हणाल्या, "बेटा, भीती खरी आहे. पण समितीला तारखा लागतील. कोण आलं, कधी, काय बोललं?"

तारखा कोणाला आठवणार? रात्री मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. त्यावर मी दुधाचा हिशोब लिहिते. ज्या दिवशी मोटरसायकल दिसायची त्या दिवशी मी सकाळी दूध आणायला बाहेर पडतच नसे. तेवढे चौकोन कोरे होते. आम्ही दोघींनी ते एकेक करून मोजले, नऊ भरले. शेजारच्या काकूंना गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे पाठ होते. फोनची नोंद मोबाइलमध्ये होतीच. हे सगळं अर्जाला जोडलं.

त्यानंतर साक्षीदाराला धोका किती आहे, याचा अहवाल मागवला जातो. समितीचा आदेश मिळाल्यापासून पाच कामकाजी दिवसांत तो सहायक पोलीस आयुक्तांकडून यावा लागतो. आमच्याकडे चौकशीला साध्या कपड्यातले दोघं आले. वस्तीत चर्चा झाली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

सुनावणी बंद खोलीत झाली. काय हवं, असं न्यायाधीशांनी विचारलं. पोरीने खाली बघतच सांगितलं, "कोर्टात तो माणूस माझ्यासमोर यायला नको."

आदेशात तेच पहिलं आलं. शिवाय घराभोवती गस्त, साक्षीच्या दिवशी पोलिसांसोबत सरकारी गाडीने ने-आण, आणि काही दिवस नातेवाइकांकडे राहण्याची सोय.

एक गोष्ट मात्र ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांनी ध्यानात ठेवावीच : आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचाच असतो. मला वाटलं होतं, खटला संपेपर्यंत चालेल. वकीलबाईंनी मुदत संपायच्या आधीच पुन्हा अर्ज टाकला म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी मी स्वतःच वीस दिवस आधी जाऊन उभी राहिले.

साक्षीच्या दिवशी मधे पडदा होता. ती दीड तास बोलली, आवाज एकदाच अडखळला, बहिणीचं नाव आलं तेव्हा.

खटला अजून चालू आहे. ते जुनं कॅलेंडर वकीलबाईंच्या फाइलमध्ये आहे, आणि दूध आणायला आता बरेचदा भाचीच जाते.