१२६ ते १३०: चार मिलिमीटरनी जीव खाल्ला

जुन्या सायकलच्या फ्रेमचा मागचा गाळा, म्हणजे मागचं चाक बसतं ती रुंदी, १२६ वरून १३० मिलिमीटर झाला. पण सगळं एकाच बाजूनं झालं, म्हणून हे लिहायला बसलोय.

मागचं थोडक्यात. नवी ॲल्युमिनिअमची सायकल की पुण्याहून आलेली ही जुनी जपानी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील), यात शेवटी क्रोमोली घेतली. कार्बनची फ्रेम घे म्हणणाऱ्यांचे आभार, पण तालुक्याला टॉर्क रेंच (मोजून जोर लावायचा पाना) कोणाकडे आहे ते आधी सांगा. लोखंड जड हे मान्यच. स्टीलची घनता ७.८५, ॲल्युमिनिअमची २.७. पण ताठपणाही तिप्पट जवळपास. आणि साधं स्टील काय, क्रोमोली काय, ताठपणा दोघांचा सारखाच. क्रोमोली मजबूत म्हणून पाइप पातळ काढता येतो, वजन तिथं वाचतं. माझ्यासाठी खरा मुद्दा वेगळाच होता: स्टील वाकवता येतं. जुन्या सहा-सात स्पीडच्या फ्रेमचा मागचा गाळा १२६ मिलिमीटर, आठ-स्पीडच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) लागतो १३०. स्टीलला हे चार मिलिमीटर थंड अवस्थेतच देता येतात. ॲल्युमिनिअमवर हा प्रयोग करायचा नाही, तडा जातो.

तर एम-१० ची आटेवाली सळई आणली. ड्रॉपआउटमध्ये (फ्रेमच्या मागच्या खाचांत, जिथं चाक बसतं) ती बरोबर बसते, कारण चाकाचा मागचा ॲक्सलही १० मिलिमीटरचाच. दोन्ही ड्रॉपआउटच्या आतून नट-वॉशर लावले आणि पान्यानं नट बाहेर ढकलत गेलो. १४० पर्यंत उघडलं, सोडलं, पुन्हा १२६. जणू काही झालंच नाही. आणखी उघडलं, सोडलं, १२७. शेजारचे काका ओट्यावरून पाहत होते. म्हणाले, "काहून तोडतं बाप्पा चांगली सायकल? तुटून जाईन ते!" १५० च्या आसपास गेल्यावर कुठे सोडल्यावर १३० दाखवलं. व्हर्नियर दोनदा लावला. १३०. त्या संध्याकाळी चहा गोड लागला.

मग दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहायला दोरा लावला. उजव्या ड्रॉपआउटपासून दोरा पुढं नेऊन हेड ट्यूबला (हँडलखालच्या पाइपला) वळसा, परत डाव्या ड्रॉपआउटला. ताणून बांधायचा आणि सीट ट्यूबपासून (सीटखालच्या पाइपपासून) दोन्हीकडचं अंतर मोजायचं. सुतळी चालत नाही, तिच्या केसांतच अर्धा मिलिमीटर जातो. नायलॉनचा बारीक दोरा घ्या. डावीकडे जे अंतर होतं त्यापेक्षा उजवीकडे जवळपास अडीच मिलिमीटर जास्त. म्हणजे डावा पाइप जागचा हललाच नाही, चारही मिलिमीटर उजव्यानं दिले.

सळईचा हा स्वभावच आहे. ती दोन्हीकडे सारखाच जोर लावते, पण जी बाजू नरम ती आधी हार मानते, आणि एकदा ती वाकायला लागली की दुसरी मजेत बसून राहते. उजवा चेनस्टे (पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणारा पाइप) चेनरिंगला, म्हणजे पुढच्या दातेरी चक्राला, जागा द्यायला बाहेरून चेपलेला असतो, तिथंच तो सैल पडला असणार. असंच ठेवलं असतं तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत आलं नसतं, सायकल तिरकी पळाली असती.

सळई बाजूला ठेवली आणि सागाची बल्ली काढली. एक टोक सीट ट्यूबला टेकवायचं (आधी जुन्या धोतराच्या घड्या गुंडाळून, पाइप पातळ आहे, पोचा पडला तर संपलं), मधला भाग डाव्या स्टेच्या आतून ड्रॉपआउटजवळ, आणि दुसरं टोक हळूहळू ओढायचं. एका वेळी एकच बाजू हलते, हाच फायदा. डावी दोन मिलिमीटर बाहेर, मग फ्रेम आडवी टाकून उजवी तेवढीच आत. थोडं ओढा, दोरा लावा, मोजा, पुन्हा ओढा. कंटाळवाणं काम आहे, पण आता दोरा दोन्हीकडे सारखा आहे आणि मधलं माप १३० वर.

तरी संपलं नाही. स्टे फाकले की ड्रॉपआउटची तोंडं समांतर राहत नाहीत, आणि तसंच हब आवळलं तर ॲक्सल वाकतो. त्यासाठीचं खास हत्यार येतं, पण त्याची किंमत पाहून मी पान बंद केलं. लेथवाल्या भाऊकडून त्याच सळईचे दोन तुकडे टोकं सपाट करून घेतले. एकेका ड्रॉपआउटमध्ये एकेक आवळायचा. समोरासमोर टोकं जुळली की काम झालं. दीडशे रुपयांत. उजवं टोक किंचित खाली बघत होतं, मोठ्या पान्यानं सरळ केलं.

शिमानोच्या आठ-स्पीड क्लॅरिस गिअरवरच थांबायचं हे यातूनच पक्कं झालं. हँगर (मागचा गिअर टांगायचा कान) फ्रेमलाच ओतलेला आहे, आणि अकरा-स्पीडपेक्षा आठ-स्पीड थोडा वाकडेपणा पोटात घालतं. शिवाय सहा, सात, आठ स्पीडला एकच चेन चालते, म्हणजे गावातल्या पोरांच्या गिअरवाल्या सायकलींची चेन मलाही चालेल. पुढं ५०-३४ दाते, मागं ११-३२. चिखलदऱ्याचा घाट डोळ्यासमोर आहे. ३४ ला ३२ म्हणजे एका पायडलला जेमतेम सव्वादोन मीटर. हळू, पण चढेल.

बॉटम ब्रॅकेटचं (पायडलचा ॲक्सल फिरतो त्या बेअरिंगचं) एवढंच: ऑनलाइनवाल्यानं बीएसए, म्हणजे इंग्लिश आट्यांचा, म्हणून पाठवलेला कप इटालियन निघाला. बीएसए साधारण ३४.८ मिलिमीटर, इटालियन ३६. परत पाठवला. मापल्याशिवाय फिरवू नका, आटे गेले की फ्रेम गेली. आणि उजव्या कपाला उलटे आटे, हे आपल्या जुन्या ॲटलसवाल्या मिस्त्रीला सांगावं लागत नाही.

आता नवीनच डोक्यात आलंय. फ्रेम मुळात २७ इंची चाकाची, रिमचा व्यास ६३० मिलिमीटर. मी लावतोय ७०० सी, ६२२. म्हणजे वर चार मिलिमीटर जागा फुकटात. काल चाक बसवून पाहिलं तर ब्रिजखाली (मागच्या दोन पाइपांमधल्या आडव्या दुव्याखाली) ३२ मिलिमीटर रुंद टायर आरामात जातोय. २८ ची ऑर्डर रद्द. आमच्याकडे गिट्टीचे रस्ते आणि धुऱ्यावरचे सराटे, ३२ आणि आत लायनर (काटे अडवणारी पट्टी) हेच बरं. फक्त ब्रेकची भोकं रिमपासून लांब पडली: पुढं ५०, मागं ५४. टेक्ट्रो आर-५३९ या ब्रेकचा पल्ला ४७ ते ५७, म्हणजे बसतो, पण तो खोलगट नटवाला आणि माझी फ्रेम साध्या नटाची. पुढं फोर्क क्राउनचं (पुढच्या चिमट्याच्या माथ्याचं) फक्त मागचं भोक ८ मिलिमीटर करून घेईन. मागच्या ब्रिजला ड्रिल लावायची माझी छाती नाही.

लिहिता लिहिता सुचलं: पुढच्या ब्रेकचा बोल्ट लांब असतो. तोच मागं लावून साधा नट आवळला तर मागं ड्रिलची गरजच नाही! म्हणजे मला दोन्ही पुढचेच हवेत. कोणाकडे आर-५३९ चा पुढचा सुटा पडला असेल, किंवा जोडी फोडायची तयारी असेल, तर कळवा. कुरिअर अमरावतीपर्यंत पाठवा, पुढचं मी बघतो.