आठवणींचा क्रम लावताना

आत्मकथन लिहायला घेतले तेव्हा मी जन्मापासूनच्या घटना ओळीने मांडत गेले. साधारण ३ वर्षांच्या वयाआधीचे बहुतेकांना काहीच आठवत नसल्याने सुरुवातीची पाने ऐकीव माहितीवर उभी होती. उलट चाळिशी ओलांडलेल्यांना १० ते ३० या वयातले प्रसंग तुलनेने अधिक आठवतात, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात, त्यानुसार मधला भाग फुगला होता. सगळे खरे असूनही खर्डा बायोडेटासारखा वाटत होता.

मग मी प्रत्येक प्रसंग वेगळ्या कार्डावर उतरवला. वर मथळा, खाली माझे तेव्हाचे वय आणि तळाशी ‘याचा अर्थ मला कधी समजला’ ही ओळ. खरे काम या तळच्या ओळीने केले. मी १९ वर्षांची असताना वडिलांनी मला अभ्यासदौऱ्याला पाठवण्यास नकार दिला होता आणि कारण सांगितले नव्हते. त्यांच्या पश्चात कपाट आवरताना माझ्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाच्या पावत्या हाती लागल्या, त्यांतली एक नेमकी त्याच आठवड्यातली होती. कालक्रम पाळला असता तर या पावत्या शेवटी काढलेला हुकमाचा पत्ता ठरल्या असत्या, आणि वडिलांच्या मौनाचा तसा वापर करणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून पावत्या आधी आणि नकार नंतर ठेवला. आता वाचक त्या मुलीचा राग कारण ठाऊक असूनच वाचतो.

मागे-पुढे जाताना वाचक हरवू नये यासाठी कपाट आवरण्याचे काम तेवढे सरळ पुढे जाऊ दिले आणि बाकीचे प्रसंग त्यातल्या वस्तूंना जोडले. भूतकाळात शिरताना पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘गेले होते’, ‘म्हणाले होते’ अशी क्रियापदे ठेवून पुढे साध्या भूतकाळावर आले, नाहीतर परिच्छेदभर ‘होते’चा रतीब सुरू होतो. सालाऐवजी वय दिले, कारण वाचताना वजाबाकी करत बसायला कोणाला आवडते?

वडिलांच्या आजारपणाची पाने मात्र क्रमानेच ठेवली. आज चालता येत होते, पुढच्या आठवड्यात आधार लागला, मग उठणेच थांबले, हे उलटसुलट सांगितले असते तर त्या उताराचा वेग कोणालाच जाणवला नसता.