जेजुरीचा दसरा आणि बिनकांद्याचे पिठले

पुण्यातला दसरा दुपारी दोन वाजता संपतो, असे माझे जुने मत आहे. मंडईतून आणलेल्या झेंडूचे तोरण दाराला लागते, गाड्यांना हार पडतात, डब्यातले श्रीखंड पुरीबरोबर खाऊन मंडळी आडवी होतात आणि संध्याकाळी सोने द्यायला निघालेल्यांचा निम्मा वेळ सिग्नलवर जातो. तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, जेजुरीत, खरा दसरा सुरू होतो तो दिवस मावळताना आणि चालतो दुसऱ्या दिवशीचे ऊन चढेपर्यंत. माझ्या मावसबहिणीचे सासर तिथले असल्याने ती दर वर्षी आग्रह करत असे, यंदा गेलो.

हडपसर मागे पडेपर्यंत प्रवास म्हणजे निव्वळ वैताग होता. दिवे घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसला, पावसाळ्यानंतरचे गवत नुकते पिवळे पडू लागले होते आणि सासवडच्या आसपास रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. पुरंदर तालुक्यात येऊन आश्विनात सीताफळे न घेता पुढे जाणे मला जमत नाही, म्हणून ताईच्या सासूबाईंसाठी एक पाटी घेतली.

संध्याकाळी बंदुकीच्या फैरी झडल्या आणि खंडोबाची पालखी सीमोल्लंघनासाठी गडावरून निघाली. ‘सदानंदाचा येळकोट’ हा गजर आणि भंडाऱ्याची उधळण यांबद्दल इतक्यांनी लिहिले आहे, की मी भर घालत नाही. एवढेच सांगतो, की भंडारा कानात जातो, तो दोन दिवस निघत नाही आणि पांढरा सदरा घालून येणाऱ्या पुणेकराची दया कोणालाही येत नाही. पालखीची कडेपठारच्या, म्हणजे वरच्या डोंगरावरच्या जुन्या देवळातल्या, देवाच्या पालखीशी भेट व्हायची ती रमण्यात, डोंगराच्या कुशीत, रात्री फार उशिरा. मधला वेळ मी ताईच्या सासरी काढला, आणि माझ्या लेखी या प्रवासातला ऐवज म्हणजे तोच वेळ.

सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, मी आणलेली पाटी स्वयंपाकघरात ओतली आणि एकेक फळ हातात घेऊन त्याचे दोन ढीग केले. डोळे उघडलेली आजची, उरलेली आढीला. मग परातीवर मोठी गाळणी ठेवून बिया वेगळ्या करण्याचे काम सुरू झाले. संध्याकाळीच घरच्या म्हशीचे दूध निम्मे आटवून निवायला ठेवले होते. गर त्यात इतक्यात का घालत नाही असे मी विचारले, तेव्हा काकू म्हणाल्या, “ऊन दुधात घातला तर कडू लागतो. अन् पुण्याची माणसं खातात कमी, विचारतात फार.” वेलदोडा टाकायलाही त्यांनी सक्त मनाई केली, कारण त्याच्या वासापुढे सीताफळ उरत नाही. पुण्यातल्या दुकानांत वेलदोडा, केशर आणि पिस्त्यांखाली गाडलेली जी सीताफळ बासुंदी मिळते, तिच्याविषयी माझे मत त्या रात्रीपासून फारच वाईट झाले आहे.

जेवणाला बाजरीची भाकरी आणि पिठले होते. चातुर्मासात या घरात कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य. आषाढातल्या कांदेनवमीला जे बंद होते, ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच पानात परत येते. तेव्हा पिठल्यात हिरवी मिरची, जिरे आणि भरपूर कोथिंबीर. पिठले उत्तम होते हे कबूल करतो, पण मला कांद्याची सवय आहे आणि रात्री अकरा वाजता ती सवय भक्तीपेक्षा प्रबळ ठरते.

घरातले दोघे पालखीचे खांदेकरी. त्यांच्यासाठी, त्यांच्या सोबत्यांसाठी आणि येणाऱ्याजाणाऱ्या कोणासाठीही चूल रात्रभर विझत नव्हती. तुम्ही रमण्यात कधी जाता, असे मी काकूंना सहज विचारले. “लगीन होऊन आले, तवापासून एकदा बघितली भेट, ती बी लांबनं. आम्ही गेलो तर परत येणाऱ्यांना वाढायचं कुणी?” असे त्या म्हणाल्या आणि पुण्यात दूध काय लिटर आहे, ते विचारू लागल्या. त्या वेळी ओसरीवर चार धडधाकट पुरुष पान लावत बसलेले होते. पाहुण्याने यजमानांच्या घरात असे काही बोलू नये म्हणून मी बोललो नाही, इथे बोलतो. भाकरी थापता येत नसेल, तर निदान वाढता येते. ताईने मात्र पुढच्या वर्षी सासूबाईंना घेऊन रमण्यात जाणार, असे सर्वांदेखत जाहीर केले. ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही, आणि काकूंनी हसून तिच्या हातात आणखी एक परात दिली.

मध्यरात्र उलटल्यावर आम्ही निघालो. वाट दगडांची, गवत दवाने ओले आणि दशमीचा चंद्र मावळतीला टेकलेला. दोन्ही पालख्या समोरासमोर आल्या, दारूकामाने डोंगर उजळला आणि गजर असा उठला की अंगावर काटा आला. दुर्दैवाने त्याच क्षणी माझ्यापुढचे सगळे हात मोबाइल घेऊन वर गेले, त्यामुळे देवभेटीचा बराचसा भाग मी एका अनोळखी गृहस्थांच्या पडद्यावर पाहिला.

सकाळी पालखी गडावर परतल्यावर खंडा उचलण्याची स्पर्धा झाली. पानसे सरदारांनी देवाला अर्पण केलेली ही तलवार सुमारे ४२ किलो वजनाची आहे. ती एका हाताने आडवी धरून तोलणे आणि दातांनी उचलून दाखवणे, असे दोन्ही प्रकार होतात. दातांचा प्रकार मला बघवत नाही. हाताने तोलणाऱ्यांचा मनगटापासून खांद्यापर्यंतचा थरथराट मात्र पाहण्यासारखा असतो, आणि वेळ संपत आली की गर्दी त्याच्याबरोबर श्वास रोखते. त्यानंतर खांदेकरी घरी आले, पिवळ्या हातांनीच पंगतीला बसले आणि बासुंदीचे पातेले माझ्या डोळ्यांदेखत रिकामे झाले. माझ्या वाट्याला एक वाटी आली, आणि दुसरी मागण्याइतका मी निर्लज्ज नाही.

जाणाऱ्यांना सल्ला एवढाच, की पांढरे कपडे नेऊ नयेत आणि कांद्यावाचून ज्यांचे अडते त्यांनी सासवडलाच मिसळ खाऊन घ्यावी. पुढच्या वर्षी मी तेच करणार आहे. काकूंना कळता कामा नये.